वरच्या मजल्यावरची थंडी

चिंचवडमध्ये राहून मी आयुष्यभर इमारती गरम करण्याचा उद्योग केला, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग डोक्यावरच्या पंख्याकडे. त्याचं चुकत नाही. ज्या गावात पारा दहाच्या खाली उतरला की पहिल्या पानावर बातमी होते, शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचं छायाचित्र छापून येतं, त्या गावात ‘हीटिंग सिस्टिम’ हा शब्द ऐकून कुणालाही हसूच येणार. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ तर एप्रिल महिन्यात जिन्यात भेटले की न चुकता विचारायचे, “काय साहेब, आणखी थोडं गरम करता का?”

पण माझी गोष्ट चिंचवडच्याही आधी, आईच्या न्हाणीघरात सुरू होते. तिथे एक तांब्याचा बंब होता. आज चाळिशीच्या आतल्या वाचकांनी बंब पाहिला असेल तो बहुधा एखाद्या हॉटेलच्या दारात, शोभेसाठी ठेवलेला. मधोमध उभा नळा, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा. नळ्यात गोवऱ्यांचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, कधी कोळसा. नळ्याभोवती पाणी. वरती नरसाळ्यासारखं तोंड आणि बाजूला तोटी. आमच्या बंबाचा नियम असा, की वरून एक बादली गार पाणी ओतावं तेव्हा तोटीतून एक बादली कढत पाणी पडावं. नरसाळ्याची नळी तळापर्यंत गेलेली असल्याने गार पाणी खाली जाई आणि वरचं तापलेलं पाणी बाहेर ढकललं जाई. दिवाळीच्या पहाटे आम्ही भावंडं अंगाला तेल लावून रांगेत उभी असायचो आणि आई ओरडायची, “अरे, ओतल्याशिवाय निघणार आहे का ते?” पुढे मला जे शिकायला पंधरा वर्षं लागली, त्यातलं निम्मं या वाक्यात होतं. अर्थात तेव्हा ते कळण्याचं काही कारण नव्हतं. डोळ्यांत शिकेकाई गेलेली असायची.

मी डिप्लोमा करून १९८१ साली चिंचवडला आलो, तेव्हा इथल्या हवेत बॉयलरचा वास होता म्हटलं तरी चालेल. तेव्हा पिंपरी-चिंचवडची महानगरपालिकाही व्हायची होती. ती झाली पुढल्या वर्षी. लोक या पट्ट्याला मोटारी, ट्रक आणि स्कूटरींचा पट्टा म्हणून ओळखतात, ते खरंच आहे. पण उष्णतेचा धंदाही इथे तितकाच मुरलेला. १९६६ साली बेल्जियमच्या वॉन्सन कंपनीच्या सहकार्याने ‘वॉन्सन इंडिया’ या नावाने सुरू झालेल्या उद्योगाचं १९८० मध्ये ‘थरमॅक्स’ असं नामांतर झालं, त्याचा कारखाना चिंचवडला. कासारवाडीला ‘फोर्ब्स मार्शल’, वाफेच्या व्यवहारातलं मोठं नाव. मोठ्या वडाखाली जशी लहानसहान झाडं उगवतात, तशी या दोघांच्या आसपास छोट्या कारखान्यांची, कंत्राटदारांची, वेल्डरांची आणि सल्लागारांची एक वस्तीच उभी राहिली. त्यांपैकीच एका छोट्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो. आमचे साहेब रेल्वेच्या लोको शेडमध्ये उमेदीची वर्षं काढून आलेले. वाफ हा त्यांचा धर्म.

वाफेचं कौतुक वाटावं असंच ते प्रकरण आहे. एक किलो पाणी उकळत्या बिंदूपर्यंत आणलंत, की त्याची वाफ करायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात आणि ती वाफ जिथे पुन्हा पाणी होते तिथे तेवढीच उष्णता परत देते. पंप नको, काही नको. वाफ स्वतःच्या दाबाने धावत जाते. पण एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते आणि ती कोंडलेली असते, हेही विसरून चालत नाही. १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलरचा मोठा स्फोट झाला, त्यातून पुढल्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा आला. देशभराचा कायदा १९२३ चा. तो शंभरी ओलांडून टिकला आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. बॉयलर इन्स्पेक्टर येणार म्हटलं की आमच्या शेडमध्ये घरात वधूपित्याची असते तशी धांदल असे.

अशा वाफेच्या घरात वाढलेल्या माणसाला साधं गरम पाणी म्हणजे कमीपणा वाटतो. मलाही वाटला. आमच्याकडे एका वाहन-कारखान्याच्या पेंट शॉपचं काम आलं. लोखंडी सुट्या भागांना रंग देण्याआधी ते धुऊन, तेल काढून, फॉस्फेटच्या द्रावणात बुडवावे लागतात. ही द्रावणं साधारण पन्नास-साठ अंशांवर ठेवायची. तोवर सगळे वाफेनेच तापवत. पण तीन किलो दाबाची वाफ असते १४३ अंशांची. साठ अंशांच्या द्रावणात एवढी तापलेली नळी बुडवली की फॉस्फेटचा चोथा नेमका त्या नळीवरच चढतो, खडूच्या थरासारखा. मग उष्णता जात नाही, मग लोक वाफ वाढवतात, मग चोथा आणखी चढतो. म्हणून गिऱ्हाइकाची मागणी होती, की ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी फिरवा. साहेब नाखूश होते. म्हणाले, “वाफ म्हणजे घोडा आहे. पाणी म्हणजे बैल. हाकत बसावं लागतं.” आणि हाकण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

पाण्याचं गणित वरवर फार सोपं. आमच्या धंद्यात अजूनही किलोकॅलरीत बोलतात, त्यामुळे तर फारच. एक लिटर पाणी एका अंशाने निवलं की एक किलोकॅलरी देऊन जातं. द्रावणाच्या टाक्यांना ताशी सहा लाख किलोकॅलरी हव्यात आणि पाणी वीस अंशांनी निवून परतायला हवं असेल, तर ताशी तीस हजार लिटर फिरवा. दहाच अंशांनी निवणार असेल, तर साठ हजार. झालं. पण तीसचे साठ केले की नळ जाड होतात, पंप मोठा होतो. आणि तेच नळ ठेवून साठ हजार लिटर रेटायचे म्हटलं, तर घर्षण दुप्पट नव्हे, चौपट होतं. पाणी किती न्यायचं यापेक्षा पाण्याला किती निववून परत आणायचं, यातच सगळी हुशारी असते, हे मला पहिल्या तीन महिन्यांत कळलं.

दुसरा धडा मात्र साहेबांनी चारचौघांत दिला. कारखान्याची शेड दहा मीटर उंच, नळ वरच्या कैच्यांवरून जाणार. मी पंपाचा दाब काढताना घर्षणाचे नऊ मीटर धरले आणि त्यात पाणी वर चढवायचे दहा मीटर मिळवले. एकोणीस. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला.

“काय रे, गावच्या जत्रेत पाळण्यात बसलायस कधी?”

“हो साहेब.”

“वर जाणाऱ्या पाळण्यातली माणसं कोण चढवतं? खाली येणारी माणसं. पाळणेवाला नुसतं फिरवतो. दोन्हीकडं वजन सारखं असलं की त्याला फक्त कण्याचं घर्षण मोडायचं असतं.”

बंद वर्तुळातलं पाणी असंच असतं. जितकं वर जातं तितकंच खाली येतं. पंपाला उंची चढायची नसते, फक्त फिरवायचं असतं. हे कळल्यावर मला इतकी गंमत वाटली, की घरी येऊन मी आईला पाळण्याचं गणित समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग विहिरीवरच्या मोटेला का नाही रे तसं?” कारण मोटेचं पाणी वरच राहतं. आईला हा खुलासा पटला आणि तिने भाजी परतायला घेतली.

तिसरी खोड मात्र माझी मी घालवली नाही. आमच्या घरी सणाला भात टाकायचा तर आई मोजून तांदूळ घेई आणि वरती एक मूठ टाकी, कुणी आलं तर असावा म्हणून. मग आत्या यायची, तीही एक मूठ टाकायची. मग आजी. संध्याकाळी फोडणीचा भात ठरलेला. यंत्ररचना करणाऱ्यांच्या घरीही हीच रीत असते. उष्णता किती लागेल ते काढायचं, त्यावर वीस टक्के. त्यावरून पाणी, त्यावर पुन्हा वीस टक्के. मग पंपाच्या यादीत नेमका आकडा नसतो, म्हणून पुढचा मोठा पंप. कुणीच उधळपट्टी करत नसतं, प्रत्येक जण फक्त सावध असतो. आणि शेवटी पंप असतो हवा त्याच्या दुप्पट.

पेंट शॉपचं काम उत्तम चाललं. तसली आणखी सात-आठ कामं झाली. मी स्वतःला गरम पाण्यातला जाणकार समजू लागलो, आणि तशातच लेहचं काम आलं.

लडाखमधल्या एका लहानशा रुग्णालयाची तीन मजली इमारत. खोल्याखोल्यांत रेडिएटर बसवायचे, तळमजल्याच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत डिझेलवरचा बॉयलर ठेवून गरम पाणी फिरवायचं. चिंचवडच्या टेबलावर बसून लेहची थंडी मोजायला मला मजा आली. आत वीस अंश हवेत, बाहेर उणे वीस. म्हणजे चाळीस अंशांचा फरक. प्रत्येक भिंतीचं, छताचं, काचेचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्यातून किती उष्णता निसटते ते मांडायचं. साध्या एकेरी काचेतून नऊ इंची विटेच्या भिंतीच्या अडीचपटीहून जास्त उष्णता बाहेर जाते. तिथल्या जुन्या घरांच्या मातीच्या जाडजूड भिंती आणि दक्षिणेकडे उघडणाऱ्या खिडक्या यांना किती अर्थ आहे, ते या हिशेबात कळतं. ही इमारत मात्र सरकारी नमुन्याची, सिमेंटची, पुण्यातही शोभली असती अशी.

साडेतीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन-तृतीयांश. त्यामुळे बर्नरला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, तो मोठा घ्यावा लागतो. उघड्या भांड्यातलं पाणी तिथे ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांनी फुगतं आणि नळ फोडतं, म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळावं लागतं. साधारण चाळीस टक्के घातलं की उणे बावीस-चोवीसपर्यंत भीती नाही. पण ग्लायकॉलचं पाणी थोडं दाट होतं आणि उष्णताही कमी वाहतं, म्हणून पाणी जास्त फिरवावं लागतं. हे सगळं मी केलं. मुठी टाकल्या, त्याही नेहमीप्रमाणे. हिशेबाने पंपाला नऊ मीटर पुरत होते, मी सोळाचा घेतला.

एक गोष्ट मात्र चिंचवडसारखी करता येत नव्हती. पाणी तापलं की फुगतं. दहा-वीस अंशांवरून ऐंशीपर्यंत नेलं तर हजार लिटरमागे सत्तावीस-अठ्ठावीस लिटर जास्तीचे होतात आणि त्यांना जागा लागते. पेंट शॉपमध्ये आम्ही छपरावर, सगळ्या नळांच्या वर, एक उघडी टाकी ठेवायचो. लेहमध्ये छपरावरची टाकी पहिल्याच रात्री दगड झाली असती. म्हणून बंद टाकी घेतली, आत रबरी पडदा आणि पडद्यापलीकडे हवा. ती बॉयलरच्या खोलीतच ठेवली. नकाशात तिची नळी मी जोडली बॉयलरच्या गरम बाजूला, कारण छपरावरच्या टाकीची नळीही आम्ही तिथेच जोडत आलो होतो. बदलायचं काही कारण मला दिसलं नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. आमचे दोन फिटर सगळं व्यवस्थित चालवून परत आले. डिसेंबरच्या शेवटी फॅक्स आला. वरचा मजला गार. संध्याकाळी रेडिएटरमधली हवा सोडली की तो तापतो, मध्यरात्रीपर्यंत पुन्हा थंड. वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा कक्ष होता. तो रिकामा करून त्यांना तळमजल्यावर हलवलं आहे, दोन खाटांवर तिघी आहेत, असं शेवटच्या ओळीत लिहिलेलं. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही. माझ्या घरात तेव्हा आठ महिन्यांची मुलगी होती.

झेलम एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून विमानाने लेह. विमानातून उतरल्यावर वाटलं, की धावत जाऊन तो नळ पकडावा. पण तिथल्या डॉक्टरांनी मला सरळ झोपवलं. उंचीवर आलेल्या माणसाने पहिला दिवस हालचाल करायची नाही, हा तिथला दंडक. पडलो होतो तो त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत. रेडिएटर छान तापलेला. दुखरं डोकं घेऊन मी रात्रभर भिंतीतला आवाज ऐकत राहिलो. भरलेल्या नळाला आवाज नसतो. हा नळ खळखळत होता, अर्ध्या भरलेल्या घागरीसारखा. हवा आत येत होती. पण बंद यंत्रणेत, दाबाखालच्या पाण्यात, हवा येणार कुठून? गळती असली तर पाणी बाहेर जाईल. हवा आत कशी येईल?

उत्तराचं टोक हाती दिलं ते तिथल्या बॉयलरवाल्याने. पन्नाशीचा लडाखी माणूस, लष्कराच्या कुठल्याशा कार्यशाळेत आयुष्य गेलेलं. सकाळी “जुले” म्हणून त्याने मिठाचा चहा पुढे केला आणि हिंदीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा: “साहेब, पंप बंद असतो तेव्हा हवा सोडायला गेलो की फुस्स करून बाहेर येते. पंप चालू असताना गेलो की काहीच येत नाही. म्हणून मी पंप बंद करूनच हवा सोडतो.” एवढं सांगून तो स्वतःच्या कामाला लागला. महिनाभर त्याला हे ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी वरच्या मजल्यावर गेलो. रिकाम्या खाटा, खिडक्यांना आतून बर्फाची नक्षी. पंप चालू होता. रेडिएटरच्या टोकाचा हवेचा स्क्रू किल्लीने सैल केला आणि खिशातल्या रेल्वेच्या पावतीचा पातळ तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. कागद उडून जायला हवा होता. तो चिकटला. आत ओढला जात होता.

तिथेच खाटेच्या कडेवर बसलो आणि पावतीच्या मागे हिशेब केला. बंद टाकी जिथे जोडलेली असते, तिथला दाब पंप चालू असो वा बंद, बदलत नाही. तिथे टाकी सांगेल तोच दाब. पंप जो फरक निर्माण करतो तो या जागेपासून मोजायचा. माझी टाकी होती पंपाच्या पुढे. म्हणजे पंप सुरू झाला की सगळी इमारत त्याच्या ओढणाऱ्या बाजूला. खालच्या खोलीत दहा मीटर पाण्याचा दाब. सात मीटर वर आलं की उरले तीन. वाटेतलं घर्षण सात मीटर. तीनातून सात गेले. उणे चार. दिवसरात्र माझा पंप वरच्या मजल्यातून हवा शोषत होता, हवा सोडण्यासाठी मीच बसवलेल्या झडपांमधून. आणि सावधगिरीच्या मुठी टाकून पंप मोठा घेतला नसता, तर कदाचित हे इतकं झालंही नसतं. चिंचवडला हे कधीच दिसलं नाही, कारण तिथे टाकी छपरावर होती. कुठेही नळी जोडा, डोक्यावरच्या पाण्याचा भार सगळं सांभाळून घेत असे.

इलाज अगदी किरकोळ होता. टाकीची नळी तिथून काढून पंपाच्या मागे, ओढणाऱ्या तोंडाशी जोडायची. आठ-नऊ फुटांची इंची नळी, तीन एल्बो, एक वेल्ड. बाजारातला एक वेल्डर मिळाला. बॉयलर बंद केला, खोलीतल्या झडपा बंद करून तेवढाच भाग रिकामा केला. वॉर्डांत तोवर बुखाऱ्या पेटवल्या होत्या; पत्र्याची ती शेगडी आणि तिचं धुराडं पाहून मला आमचा बंब आठवला. बाहेर उणे अठरा. ग्लायकॉल नसतं तर तेवढ्या चार तासांत वरचे नळ फुटले असते, म्हणजे सगळंच काही मी चुकीचं केलं नव्हतं, अशी स्वतःची समजूत घालत होतो. पंपाच्या पुढची झडप अर्धी आवळून त्याची घोडदौडही कमी केली. रात्री नऊला पुन्हा सुरू केलं. हवा सोडत सोडत मी आणि तो बॉयलरवाला मजल्यामजल्याने वर गेलो. शेवटच्या रेडिएटरशी मी कागद धरला. तो उडाला आणि पाठोपाठ पाण्याची चिळकांडी माझ्या बाहीवर आली.

रात्री दोनला, पाचला आणि सकाळी सातला जाऊन मी हात लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी बाळंतिणींना वर आणलं. तिथल्या मुख्य परिचारिकेने मला विचारलं, की हे तुम्हीच बनवलं होतं का? मी हो म्हटलं. “मग तुम्ही आलात हे बरं झालं,” एवढंच ती म्हणाली. ते कौतुक होतं की दुसरं काही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

परत आल्यावर मी तो नकाशा फाडायला काढला. साहेबांनी फाडू दिला नाही. तो माझ्या खणात राहिला आणि पुढे आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या प्रत्येक मुलापुढे मी तो पसरत आलो. चूक शोध म्हणायचं. हुशार मुलं नळांचे व्यास तपासतात, बॉयलरची क्षमता तपासतात. टाकीकडे कुणी बघत नाही. एकदा फक्त एका मुलीने विचारलं, “सर, ही टाकी पंपाच्या मागे का नाही?” आयटीआयची होती, चाकणजवळच्या खेड्यातली. तिच्या घरी बंब होता का, हे विचारायचं राहिलं.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत ही विद्या इतकी पालटली, की मला दोनदा नव्याने शिकावं लागलं. आम्ही पाणी जितकं तापवता येईल तितकं तापवायचो. आता उलट आहे. जमिनीखाली नळ्यांची वेटोळी घालून पस्तीस-चाळीस अंशांचं पाणी फिरवतात आणि अख्खी फरशीच रेडिएटर होते. काश्मीरमधल्या मशिदींच्या हमामात दगडी लाद्यांखाली जाळ करून फरशी तापवतात, त्याच कुळातली ही गोष्ट. पाणी कोमट ठेवण्यामागे कारण आहे. गॅसच्या धुरात वाफ असते. परतीचं पाणी साधारण पंचावन्न अंशांच्या खाली असेल तर ती वाफ बॉयलरमध्येच पाणी होते आणि आपली दडलेली उष्णता देऊन जाते. धूर इतका निवतो, की धुराड्याला प्लास्टिकचा पाइप चालतो. साहेब असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. हीट पंपाचंही तसंच. तो बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उपसून आत आणतो आणि पाणी जितकं कमी तापवायचं तितकी त्याला वीज कमी लागते. पंपसुद्धा शहाणे झाले. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. निम्म्या वेगाने फिरणाऱ्या पंपाला जवळजवळ एक-अष्टमांश वीज पुरते. माझा लेहचा पंप आठवला की आता त्या विजेचीही लाज वाटते.

जिला आठ महिन्यांची असताना सोडून मी लेहला गेलो होतो, ती मुलगी आता जर्मनीत श्टुटगार्टला असते. मोटारींच्याच धंद्यात, चिंचवडच्या मुलांना ती वाट जवळची. गेल्या हिवाळ्यात रात्री अकराला तिचा फोन आला.

“बाबा, इथला रेडिएटर खालून गरम आहे आणि वरून गार. घरमालक म्हणतो सोमवारी बघू.”

“खालून गार आणि वरून गरम नाही ना? नीट बघ.” खाली गार असेल तर गाळ, वर गार असेल तर हवा.

“वरूनच गार.”

“टोकाला चौकोनी स्क्रू असेल. किल्ली असेल बघ खणात कुठेतरी.”

किल्ली सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. तोवर हिने मला शाल आणून दिली, का ते माहीत नाही. फोनच्या पडद्यावर एक पांढरा रेडिएटर, एक हात आणि खाली धरलेला चहाचा मग.

“थांब,” मी म्हटलं. “आधी कागदाचा पातळ कपटा घे. स्क्रू सैल करून समोर धर.”

“कशाला?”

“धर तर.”

फुस्स असा आवाज आला आणि पडद्यावरून कागद दिसेनासा झाला.

“उडाला, बाबा. आता?”

“आता पाणी येईपर्यंत थांब.”

आम्ही दोघं थांबलो. मग तिची किंकाळी ऐकू आली.

“ई! काळं आलं!”

“येऊ दे,” मी म्हटलं. “काळंच असतं. आता बंद कर.”